रविवारचा वर्ग, एक अर्धवट वाक्य आणि माझी घाई

संशोधनाचा विषय कसा सापडला, असं पीएचडीच्या प्रवेशाची तयारी करणारे बरेच जण विचारतात. माझा विषय सहा वर्षं दर रविवारी माझ्यासमोर बाकावर बसत होता आणि मला दिसत नव्हता. आज ती गोष्ट सांगते. ओळखीच्या जागेचं निरीक्षण कसं करायचं, आपलीच चूक डेटात सापडली तर काय करायचं आणि मुलांची संमती म्हणजे नेमकं काय, हे मला पद्धतीशास्त्राच्या पुस्तकांत वाचून कळलं नव्हतं. या वर्गात कळलं.

वर्ग कसा असतो

मी वसईची. आमच्याकडे कॅथलिक घरांतली मुलं रविवारी मिस्सेनंतर तासभर धर्मशिक्षणाच्या वर्गाला बसतात. लहान असताना पहिल्या ख्रिस्तप्रसादाची तयारी असते, मोठी झाली की दृढीकरणाची. ज्यांना हे माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. दृढीकरण हा बाप्तिस्म्यानंतरचा संस्कार. बिशप कपाळाला पवित्र तेल लावतात, आणि तान्हेपणी आईवडिलांनी आपल्या वतीने दिलेली वचनं मूल आता स्वतःच्या तोंडाने देतं.

शिकवणारे आम्ही कोणी पगारी शिक्षक नाही. बँकेत नोकरी करणारे, गृहिणी, कॉलेजातली मुलं, एखादी सिस्टर, असे सगळे मिळून वर्ग वाटून घेतो. माझ्याकडे आठवी-नववीची मुलं. तेरा-चौदा वर्षांचं वय, मिस्सेत उभं राहून दुखलेले पाय, पोटात भूक आणि खिडकीबाहेर मैदानात चाललेलं क्रिकेट! त्यात भाषेची गंमत वेगळीच. शाळा इंग्रजी माध्यमाची, घरात आजीची सामवेदी किंवा वाडवळी बोली आणि हातातलं पुस्तक प्रमाण मराठीत. ‘पवित्रीकरण’ हा शब्द फळ्यावर लिहिला की निम्मा वर्ग तो अक्षरं जोडून वाचतो.

अशा वर्गात शिकवताना हात आपोआप एका हत्याराकडे जातो: प्रश्नोत्तरं. मी विचारायचं, त्यांनी म्हणायचं. “साक्रामेंत किती?” “सात!” वर्ग जागा होतो, तास पुढे सरकतो, आणि शिकवल्यासारखंही वाटतं.

प्रश्नोत्तरांचा साचा येतो कुठून?

हा साचा माझा नव्हता. तो किती जुना आहे हे मला वाङ्मय-आढावा करताना कळलं. ‘कॅटेकिझम’ हा शब्द ज्या ग्रीक क्रियापदावरून आला, त्याच्या मुळाशी आवाज घुमण्याची कल्पना आहे. शिकवणाऱ्याने म्हणायचं आणि ऐकणाऱ्याच्या तोंडून ते पुन्हा घुमायचं. सोळाव्या शतकात मार्कोस जॉर्ज या पोर्तुगीज जेझुइटाने मुलांसाठी ख्रिस्ती शिकवणुकीचं पुस्तक लिहिलं. त्यात गुरू प्रश्न विचारतो आणि शिष्य उत्तर देतो. याच परंपरेतलं कोकणी पुस्तक फादर थॉमस स्टीफन्स यांनी तयार केलं. ते त्यांच्या मृत्यूनंतर १६२२ मध्ये गोव्यात राचोलला छापलं गेलं. मुलांना शिकवण्यासाठी ते संवादाच्या रूपात मांडलं आहे, असं त्याच्या नावातच म्हटलेलं आहे.

आता गंमत बघा. मार्कोस जॉर्जचं हेच पुस्तक जेझुइटांबरोबर जपानला गेलं. तिथल्या जपानी आवृत्तीत भूमिका उलट झाल्या: शिष्य विचारतो आणि गुरू सांगतो. शिकवण तीच, पण प्रश्नाचा मालक बदलला.

आणि आपल्याकडचं उदाहरण तर घरातलंच. याच स्टीफन्स यांचं १६१६ चं ‘ख्रिस्तपुराण’ मराठी ओव्यांत आहे. पुराण म्हटलं की श्रोता आलाच, आणि श्रोता आला की शंका आली. तिथे सुरुवातीलाच एक श्रोता पाद्री-गुरूंकडे असं पुराण मागतो आणि पुढेही ऐकणारे मधूनमधून शंका काढत राहतात. म्हणजे एकाच माणसाकडे दोन्ही रीती होत्या. आम्ही वर्गात पहिली उचलली, दुसरी ग्रंथालयात ठेवली.

पहिली रीत संपलेली नाही हेही लक्षात घ्या. २००५ साली व्हॅटिकनने काढलेल्या संक्षिप्त धर्मशिक्षण-ग्रंथात ५९८ प्रश्नोत्तरं आहेत. तरुणांसाठी २०११ मध्ये आलेलं ‘यूकॅट’सुद्धा प्रश्नोत्तरांतच आहे.

इथे मला संशोधनाचा प्रश्न मिळाला. ‘धर्मशिक्षण परिणामकारक आहे का?’ असा भलामोठा प्रश्न घेऊन मी गाईडकडे गेले होते. त्यांनी तो खोडला आणि शेजारी लिहिलं, “वर्गात प्रश्न कोण विचारतं?” हा प्रश्न लहान दिसतो, पण तो मोजता येतो, ऐकता येतो आणि त्याचं उत्तर मला आधीपासून माहीत नव्हतं. तुमच्या प्रस्तावातला प्रश्न या तीन कसोट्यांवर एकदा घासून बघा.

स्वतःच्याच वर्गाचं ध्वनिमुद्रण

इतर वर्गांकडे जाण्याआधी पायलट म्हणून आपलाच वर्ग रेकॉर्ड कर, असं गाईडने सांगितलं. मला वाटलं सोपं आहे. पण पहिल्या तासाची शब्दशः नोंद करून नेली तेव्हा त्यांनी विचारलं, “तुझ्या वर्गातली मुलं एवढं व्यवस्थित बोलतात?” मी टाइप करता करता मुलांचं बोलणं ‘शुद्ध’ करून टाकलं होतं. अडखळणं, ‘म्हणजे ना टीचर’, बोलीतले शब्द, मागच्या बाकावरचं हसणं, सगळं गेलं होतं. राहिली होती पुस्तकातली मुलं. तेव्हा पहिला धडा हा की जे ऐकलं ते लिहा, जे ऐकायला आवडलं असतं ते लिहू नका. आणि थांबणंसुद्धा लिहा. किती सेकंद शांतता होती, ही पण नोंदच आहे.

नोंदी वाचायला चौकट लागते. सिंक्लेअर आणि कूल्टहार्ड यांनी १९७५ मध्ये इंग्लंडमधल्या आणि ह्यू मेहान यांनी १९७९ मध्ये अमेरिकेतल्या वर्गसंवादांवर जे लिहिलं, त्यातून एक तीन पावलांचा साचा समोर येतो: शिक्षक विचारतो, विद्यार्थी उत्तर देतो, शिक्षक त्या उत्तरावर शेरा मारतो. यातली खरी ओळखखूण तिसरं पाऊल आहे. रस्त्यात कोणाला “किती वाजले?” विचारलं आणि त्याने “साडेदहा” सांगितलं, तर तुम्ही “शाब्बास, बरोबर!” म्हणत नाही. वर्गात म्हणता, कारण वेळ तुम्हाला आधीच माहीत असते.

मी दोन रकाने आखले. एकात माझे प्रश्न, एकात मुलांचे. पहिला रकाना पानामागून पान भरत गेला. दुसऱ्यात हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या नोंदी, आणि त्यातल्या बऱ्याच “टीचर, पाणी पिऊन येऊ?” अशा.

तिसऱ्यांदा ऐकलेलं वाक्य

त्या दुसऱ्या रकान्यातला एक प्रश्न बाप्तिस्म्याच्या तासाचा होता. नोंद अशी:

मी: बाप्तिस्म्याने काय होतं?
मुलगा: मूळपाप धुतलं जातं.
मी: शाब्बास. आणि?
मुलगा: आपण चर्चचे सभासद होतो.
मी: बरोबर.
मुलगी: टीचर, मग ज्यांचा बाप्तिस्मा झालाच नाही त्यांचं काय?

मला उत्तर पाठ होतं. मी लगेच सांगून टाकलं की दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या १९६४ च्या ‘लुमेन जेन्सियुम’ या दस्तऐवजानुसार, ज्यांना स्वतःचा काही दोष नसताना शुभवार्ता कळलेली नाही, पण जे प्रामाणिक मनाने देवाचा शोध घेतात आणि आपल्या विवेकाला स्मरून वागतात, त्यांचंही तारण होऊ शकतं. मग विचारलं, “कळलं?” सगळा वर्ग एका सुरात “हो टीचर!” आणि मी पान उलटलं.

उत्तर चुकीचं नव्हतं. तपासून बघा, दस्तऐवजाचा आशय तोच आहे. त्या दिवशी घरी जाताना मी स्वतःवर खूशही होते.

पण इअरफोन लावून तिसऱ्यांदा ऐकताना त्या “हो टीचर!”च्या खाली मला आणखी एक आवाज सापडला. तीच मुलगी. “पण टीचर, माहीत असेल तर…” एवढंच. पुढचं माझ्या पान उलटण्याच्या आवाजात गेलं.

पुढच्या रविवारी वर्ग सुटल्यावर ती खुर्च्या लावायला थांबली होती. मी म्हटलं, “मागच्या वेळी तू काहीतरी म्हणत होतीस, मी ऐकलंच नाही.” आणि गप्प राहिले. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, “बाबांचा बाप्तिस्मा झालेला नाही. ते हिंदू आहेत. तुम्ही म्हणालात ज्यांना माहीत नाही त्यांना चालतं. पण बाबांना सगळं माहीत आहे. मला दर रविवारी तेच सोडायला येतात ना.”

आठवडाभर ती पोर हे मनात घेऊन बसली होती. माझ्या बरोबर उत्तराने तिच्यासाठी दार उघडलं नव्हतं, उलट तिच्या बाबांच्या तोंडावर ते लागलं होतं. ज्या माणसाने स्कूटरवरून तिला वर्गाला आणून सोडलं, तोच तिच्या लेखी ‘माहीत असूनही’ या खान्यात जाऊन पडला होता. आणि दृढीकरण घेतलं की आपण बाबांपासून वेगळ्या होणार, असं तिने स्वतःच ठरवून टाकलं होतं.

थांबण्याबद्दल संशोधन काय सांगतं

अमेरिकेतल्या मेरी बड रो यांनी विज्ञानाच्या तासांची ध्वनिमुद्रणं ऐकून १९७० च्या दशकात एक साधी गोष्ट दाखवली. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एखादा सेकंदच थांबतात, आणि मुलाचं बोलणं संपल्यावर पुढचं वाक्य टाकायलाही तेवढीच घाई करतात. हे थांबणं तीन सेकंदांच्या पुढे नेलं की मुलांची उत्तरं लांबतात, एरवी गप्प असणारी मुलं बोलू लागतात आणि मुलांकडून येणारे प्रश्न वाढतात. तीन सेकंद म्हणजे काय ते वर्गात उभं राहून मोजून बघा. केवढे लांब वाटतात!

माझ्या नोंदीत “कळलं?” आणि “हो टीचर!” यांच्यात एक सेकंदही नव्हता. मुलांनी मला उत्तर दिलं नव्हतं, परवानगी दिली होती, पान उलटायची.

वयाचंही एक कारण आहे. जेम्स फाउलर यांनी १९८१ च्या ‘स्टेजेस ऑफ फेथ’ या पुस्तकात असं मांडलं की किशोरवयात श्रद्धा नात्यांमधून घडते. जी माणसं आपली, त्यांच्या नजरेतून मूल देवाकडे बघतं. हे वाचल्यावर मला तिचा प्रश्न नव्याने कळला. मी तो सिद्धांताचा समजले होते, आणि तो नात्याचा होता. पण इथेच एक सावधगिरी घ्या. फाउलर यांच्या मुलाखती प्रामुख्याने उत्तर अमेरिकेतल्या गोऱ्या ख्रिस्ती आणि ज्यू लोकांच्या होत्या. वसईतल्या मुलीच्या शेजारी, वर्गात, कधी घरातसुद्धा दुसऱ्या धर्माची माणसं असतात. सिद्धांत उसना घ्या, पण तो कोणाच्या मापाने शिवलाय ते बघून घ्या.

ही गोष्ट माझा डेटा आहे का?

सगळ्यात अवघड प्रश्न हा. मुलं मला टीचर म्हणतात. टीचरला “नाही” म्हणणं तेरा वर्षांच्या मुलाला जमतं का? म्हणून आम्ही सुरुवातीलाच काही गोष्टी पाळल्या होत्या. फादरांची परवानगी आणि पालकांची लेखी संमती घेतलीच, पण मुलांना मी स्वतः विचारलं नाही. विभागातली एक मैत्रीण आली, तिने मी खोलीत नसताना समजावून सांगितलं आणि प्रत्येकाचा होकार-नकार वेगळा घेतला. एका मुलाने नकार दिला. तो वर्गात बसायचा, बोलायचा, पण त्याचं बोलणं नोंदीत आलं नाही. लिहिताना तिथे रिकामी जागा दिसते, आणि ती तशीच राहिली पाहिजे.

खुर्च्या लावतानाचं बोलणं मात्र या संमतीत बसत नव्हतं. रेकॉर्डर बंद होता, आणि ती संशोधकाशी बोलत नव्हती, टीचरशी बोलत होती. प्रबंधात मी फक्त वर्गातलं अर्धवट वाक्य आणि त्यावरची माझी घाई घेतली आहे. हा लेख लिहिण्याआधी तिला आणि तिच्या आईबाबांना वेगळं विचारलं, मसुदा वाचून दाखवला आणि काही तपशील बदलले. संमती ही फॉर्मवर एकदा सही घेऊन फाईलला लावायची गोष्ट नाही. नवीन काही घ्यायचं असेल तर नव्याने विचारायचं.

त्या दिवशी मी तिला काय म्हटलं ते सांगणार नाही, ते आमच्यात राहील. एवढं सांगते की या वेळी दस्तऐवज बाहेर काढला नाही. नंतर फादर तिच्या आईबाबांशी निवांत बोलले. त्या वर्षी तिने दृढीकरण घेतलं, आणि बाबा त्या दिवशी गेटजवळ थांबले नाहीत, आत येऊन बसले.

मग पाठांतर वाईट का?

हे सगळं झाल्यावर मी दुसऱ्या टोकाला गेले. प्रबंधाच्या पहिल्या मसुद्यात प्रश्नोत्तरं आणि पाठांतर यांना खलनायक करून टाकलं. गाईडने समासात लिहिलं, “हे डेटात आहे, की तुझ्या पश्चात्तापात?”

परत नोंदींकडे गेले. वर्गात मागे बसणारा, वाचताना अडखळणारा एक मुलगा पाठ केलेलं उत्तर मात्र मोठ्याने म्हणायचा. तासभरात त्याचा आवाज ऐकू येण्याची ती एकच जागा होती. पोप जॉन पॉल दुसरे यांनीही १९७९ च्या धर्मशिक्षणावरच्या पत्रात स्मरणाची बाजू घेतली होती, पाठांतराचे तोटे मान्य करूनच. आणि मला माझी आजी आठवली. शेवटच्या दिवसांत ती माणसं ओळखत नव्हती, पण रोझरी सुरू झाली की तिचे ओठ बरोबर हलायचे. ते शब्द कुणीतरी लहानपणी तिच्याकडून घोकूनच घेतले होते.

तेव्हा माझा निष्कर्ष आता साधा आहे. माहीत असलेल्या उत्तराचे प्रश्न वर्गात असणारच, असावेतही. बिघडतं ते मुलाचा खरा प्रश्न आला असताना आपण त्यालाही त्याच साच्यात घालून “बरोबर, पुढे” म्हणतो तेव्हा. दोन्ही प्रश्न ऐकायला सारखेच वाटतात. फरक कळायला थांबावं लागतं.

तुम्ही काय करून बघाल

प्रबंधाचा विषय अजून ठरला नसेल तर हा सराव करा. तुम्ही आधीपासून जिथे जाता अशी एक जागा निवडा: शिकवणी, भजनी मंडळ, क्रिकेटचं कोचिंग, बचत गटाची बैठक. सगळ्यांना विचारून एक तास रेकॉर्ड करा. दोन रकाने आखा: प्रश्न कोणी विचारला आणि त्याचं उत्तर विचारणाऱ्याला आधीच माहीत होतं का. शांतता सेकंदांत लिहा. मग आपण स्वतः जिथे बोललो आहोत तेवढाच भाग तीनदा ऐका. तिसऱ्यांदा आपल्या आवाजाकडे लक्ष देऊ नका, त्याच्या खाली काय चाललंय ते ऐका.

मुलाखती घ्यायला जाल तेव्हाही हे उपयोगी पडेल. नवखा संशोधक मुलाखतीत माझ्यासारखाच वागतो. उत्तर मनात ठरवून प्रश्न विचारतो, समोरच्याने ते म्हटलं की खूश होतो आणि पुढचा प्रश्न काढतो. त्याच्या वहीत “हो टीचर” साठत जातात.

मी आता बाप्तिस्म्याचा तास दरवर्षी वेगळा घेते. शेवटची दहा मिनिटं पुस्तक बंद असतं आणि प्रश्न फक्त मुलांनी विचारायचे असतात. पहिली काही मिनिटं कोणी बोलत नाही. बाहेर क्रिकेटचा आवाज येतो, कोणीतरी हसतं, मला बोलायचा मोह होतो. मी खडू हातात घट्ट धरून मनातल्या मनात आकडे मोजत उभी राहते.